गिळलेल्या दोन मात्रा

सुशीला,

त्या संध्याकाळी आपण ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होतो. तू सोलत होती अन् मी खात होतो, असं तू म्हणली असती. कच्चे दाणे तोंडात टाकायची माझी सवय तुले कधी आवडली नाई. सूप तुझ्या मांडीवर, टोपलं माझ्या पायाशी. दोन शेंगायच्या मधी तू तोंडानं तीनताल म्हणत होती. पोरायची परीक्षा तोंडावर आली होती, अन् परीक्षा आली की तुझ्या तोंडात दुसरं काही राहत नसे. मधीच थांबली अन् म्हणली,

"अवो, परीक्षेत माया तालातून पडली तर काय करसान?"

मी म्हणलं, "पाहू."

"पाहू नाई. सांगा. सांभाळसान का सरळ वाजवसान?"

"तू आधी भाजीत मीठ टाक बराबर. काल विसरली होती."

तू हसली. "विषय बदलला. दहापैकी दोन," म्हणली, अन् सूप उचलून आत गेली. भाजी चांगली झाली होती त्या दिवशी. मी सांगितलं नाई.

सकाळी मी चहा मांडला अन् तुले आवाज दिला. तू रोज माझ्या आधी उठणारी. दोनदा आवाज दिला, मंग आत आलो. डॉक्टर म्हणले झोपेतच गेल्या, त्यायले काही कळलं नसंल. मी म्हणलं, तुमी ओळखत नाई तिले. तिले न कळता काही होत नाई.

आता घरात माणसं येतात, माझ्याच घरचा चहा मले पाजतात अन् सांगतात, बाई किती शांत होत्या. मी मान हलवतो. शांत? लग्न ठरायच्या आधीपासून तू माझ्याशी भांडत आली. माया म्हणे, "भाऊ, बोलाले बाई नाईत तर लिहा. नाई तर आतल्या आत सडसान." माझं शिक्षण चौथी. तू असती तर लाल पेन घेऊन बाजूले बसली असती. तुले सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण तुझ्या आठवणीत अन् माझ्या आठवणीत नेहमी फरक पडे.

मी आरमोरीकडचा, झाडीपट्टीच्या नाटकात तबला वाजवणारा. धान घरात आलं की नाटकं सुरू होत अन् होळीपर्यंत गावोगाव फिरत. नागपूरची हिरोईन दुपारी गाडीतून उतरे, एक तालीम करे अन् रात्री स्टेजवर उभी राहे. मंग काय, गाणं अर्धं विसरे, कधी अख्खा अंतरा उडवून दे. तबलजीचं काम एकच, पब्लिकले कळू द्यायचं नाई. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिली मात्रा म्हणजे सम. गाणाऱ्यानं कुठंही हिंडून यावं, पण यायचं त्या समेवरच. हिरोईन दोन मात्रा आधीच आली की मी दोन मात्रा गिळत होतो. सम उचलायची अन् तिच्या पायाखाली नेऊन ठेवायची. पब्लिक टाळ्या वाजवे. आमचा मालक म्हणे, "हा पोट्टा बसला असला की कोणी पडत नाई." मले त्याचा भलता गर्व होता.

तुमच्या घरी पाहाले आलो तवा माझ्यासोबत मामा होता. पोहे झाले. तुझे बाबा म्हणले, काही विचारायचं असंल तर विचारा मुलीले. मी लाजून खाली पाहत होतो. तूच विचारलं.

"आमच्या गावी तुमचं नाटक झालं. दुसऱ्या अंकातल्या गाण्यात तुमी दोन मात्रा गिळल्या. काऊन?"

मामानं पोह्याची प्लेट खाली ठेवली.

मी म्हणलं, "ती पडली असती."

"मंग पडू द्यायची होती."

"अन् गाव हसलं असतं तर?"

"हसलं असतं. पुढच्या गावी ती पाठ करून आली असती."

परत येताना मामा म्हणे, दुसरीकडं पाहू, ही तर लग्नाआधीच चुका काढते. मी म्हणलं हीच पाहिजे. एवढ्या नाटकात कोणाले कळलं नव्हतं, ते हिनं मोजलं होतं. हे तुले मी कधी सांगितलं नाई. तुले वाटे मी तुझ्या विशारदच्या परीक्षेले भुललो. मी तर त्या दोन मात्रांले भुललो होतो.

मंग गडचांदूर. मी चुनखडीच्या खाणीत कामाले लागलो अन् तू समोरच्या खोलीत क्लास उघडला. पेरूच्या पानायवर पांढरी धूळ, पेटीवर पांढरी धूळ, सकाळी पुसली की दुपारी पुन्हा. दुपारी खाणीत सुरुंगाचा बार उडाला की भिंतीले टेकवलेल्या तंबोऱ्याच्या तारा आपोआप वाजत. शेजारच्या बाया भांडे सावरत, तू पोरायले विचारे, "सांगा, कोणती तार बोलली?" अख्ख्या गडचांदुरात त्या बाराचा उपयोग करून घेणारी तू एकटी.

परीक्षा जवळ आली की तू घरीच परीक्षक होऊन बसे. टेबलावर चादर, नाकावर चष्मा, समोर कोरा कागद. एकदम दुसरीच बाई. लेकरू आत आलं की विचारे, "नाव काय?"

"बाई, मी पिंकी."

"मी बाई नाई. मी तुले ओळखत नाई. नाव सांग."

पिंकीचे डोळे भरून येत. मी आतून ओरडे, "अवं, लेकराले काऊन छळते?" तू म्हणे, "तिथं बसलेला माणूस बाहेरगावचा असते. त्याले पिंकी कोण, तिचा बाप कोण, ती किती गोड, काही घेणं नाई. त्याची सवय आजच लागू द्या."

मार्क कसे देतात हे मले तुझ्यामुळं कळलं. मले वाटे, गाणं आवडलं तर पास, नाई तर नापास, नाटकासारखं. तू म्हणली तसं नसते. कागदावर मार्कायचे खाने असतात, रकान्यासारखे. सुराचा खाना वेगळा, तालाचा वेगळा, बंदिश वेगळी, आलाप-तानांचा वेगळा. परीक्षक दोन ओळी गुणगुणते अन् विचारते हा राग कोणता, त्याचे वेगळे. हातावर टाळी-खाली देऊन ताल म्हणायचा, मंग त्याच चालीत दुप्पट, त्याचे वेगळे. गळा कितीही मधाचा असो, मध फक्त एकाच खान्यात पडते. बाकीच्या खान्यायले ज्याचं त्याचंच काम लागते.

अन् तुझी ती खोड घरभर पसरली. मी चुलीवर मटण केलं की तू चाखून सांगे, "रस्सा बरा. मीठ पुढं पळते. सादरीकरण शून्य, पातेल्याले बाहेरून किती लावलं." आपला मोठा पोरगा शाळेतून निकाल घेऊन आला की मी पास-नापास विचारे, अन् तू विचारे कोणता विषय घसरला. तो आजही म्हणते, आईपेक्षा बाबा बरे होते. मी बरा होतो कारण मले खाने समजत नव्हते.

पहिलं खरं भांडण चंद्रपूरच्या परीक्षेत झालं. तिथं तुले आत येता येत नसे, शिकवणारानं बाहेर व्हरांड्यात बसायचं. मी तबलजी, म्हणून मी आत. हिरव्या ड्रेसवाली एक पोट्टी होती, आवाज चांगला, पण तानेतून उतरताना दोन मात्रा आधीच समेवर धपकन आली. माझ्या बोटायनं विचारलंच नाई. गिळल्या दोन मात्रा. सम तिच्या पायाखाली. पोट्टीले पत्ता नाई. पण टेबलामागं मफलर गुंडाळून बसलेले परीक्षक टेबलाखाली बोटायवर मात्रा मोजत होते. ते म्हणले, "तबलजी, परीक्षा तुमची आहे का मुलीची?"

तुले बाहेर कळलं.  बसमधी राजुरा गेलं तरी तुझं तोंड खिडकीकडं. घरी येऊन चप्पल काढली तशी म्हणली,

"तिचं पडणं तुमी खाऊन टाकलं."

"मंग का करू? पाहत बसू?"

"हो. पाहत बसा. तुमी पडूच दिलं नाई, तर तिचं उठणं त्यायनं पाहायचं कुठून? त्याचेही मार्क असतात."

त्या मफलरवाल्यांनीच तुले चहा पिताना समजावलं होतं म्हणे. पडलं तर आम्ही कापतो खरं, पण पडलेलं लेकरू समेची वाट कशी शोधते, घाबरून थांबते का मोजत राहते, तेही लिहितो. ज्याले तबल्यानं उचललं, त्याच्याबद्दल आम्ही काय लिहावं? तो तर तबल्याचा मार्क.

तुझं बरोबर असंल. पण मले ते कधी गिळता आलं नाई. मी म्हणलं, "ही परीक्षा तुमच्या शिकलेल्यायची. माझ्यासमोर पडणाऱ्याले मी हात देईन." तू म्हणली, "मंग माझ्या पोरायसोबत बसू नका." मी म्हणलं, "नाई बसत." दुसऱ्या दिवशी तू माझ्यासमोर तबला आणून ठेवला. कोण नमलं ते मले आजही सांगता येत नाई. ठरलं एवढंच की परीक्षेत सांभाळायचं नाई.

अन् मंग माया.

तुझ्या सगळ्या पोट्ट्यायमधी मले ती जास्त आवडे. सायकलवर येई, वेणी अर्धी सुटलेली, दारातूनच गात येई. तिचा बाप मालधक्क्यावर माल भरे, कडक माणूस. मध्यमाच्या परीक्षेआधी येऊन त्यानं सांगितलं होतं, "बाई, एवढी परीक्षा होऊ दे. पास झाली तर शिकू दे, नाई तर बस झालं. घरात कामं आहेत." हे तुले ठाऊक होतं, मले ठाऊक होतं, अन् मायाले तर होतंच.

आदल्या दिवशी मी तुले म्हणलं, "एवढ्या पोट्टीपुरता नियम सोड." तू म्हणली, "एकीसाठी सोडला तर बाकीच्यायले काय सांगू?"

मी सरळ वाजवलं. माया तानेत पडली. पडली अन् तिथंच राह्यली. मी ठेका देत राह्यलो, एक आवर्तन, दुसरं, तिसरं, अन् ती पोट्टी ओठ घट्ट मिटून उभी. कुठून घुसावं कळेना तिले. परीक्षक म्हणले, ठीक आहे, या. ती नमस्कार करून गेली. निकाल आला, प्रात्यक्षिकात नापास. बाप येऊन म्हणला, "गाणं बस झालं." सायकल यायची बंद झाली.

मी तुले म्हणलं, "तुझा नियम पास झाला. पोट्टी गेली."

तू पेटी उघडून एक एक पट्टी ओल्या फडक्यानं पुसत बसली. मी वाट पाह्यली की तू म्हणशील चुकलं. तू म्हणली नाई. कितीतरी वर्षं गेली, आपण दुसऱ्या गोष्टीवर भांडलो, कुलरवर, सुनेवर, माझ्या बिडीवर. पण बाकी भांडणायच्या खाली ते एक भांडण राह्यलं, उंबरठ्याखाली पाणी मुरते तसं.

मंग मागच्या वर्षी दारात एक बाई उभी. नर्सचा पांढरा कोट पिशवीत, केसाले जागोजागी रुपेरी. मी ओळखलं नाई. तू सैपाकघरातून बाहेर आली, चष्मा वर केला अन् म्हणली,

"काऊन गं, एवढा उशीर? क्लास पाचले असते."

माया तिथंच खाली बसली अन् हसत हसत रडली.

एटापल्लीकडं उपकेंद्रात नर्स होती ती. बाप गेला, नवरा समजदार, दोन पोरं. म्हणे, मले मध्यमा पुन्हा द्यायची आहे. मी म्हणलं, "पोट्टे, नोकरी आहे, मानपान आहे, आता काय करते मध्यमा घेऊन?" ती म्हणली, "भाऊ, जंगलातल्या गावात एकटीनं बाळंतपणं केली, कधी हात कापला नाई. त्या टेबलाची आठवण आली की आजही कापते. मी अजून तिथंच उभी आहे."

महिन्यातून एकदा येई. तिकडून सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीतल्या गाड्यायच्या मागं धुळीत, दोन-तीन बसा बदलून. आली की अंगावर लाल माती, अन् आपल्या घरची पांढरी. तू म्हणे, "ये, दोन्ही खाणी घेऊन आली." तिले तू आपली खाट दिली अन् स्वतः खाली चटईवर झोपली. गुडघे दुखत होते तुझे, सकाळी उठताना भिंत धरून उठे. मी म्हणलं, तिले चटई दे, ती तरणी आहे. तू म्हणली, "राहू द्या ना." बस, तेवढंच. जे 'चुकलं' ऐकाले मी एवढी वर्षं बसलो होतो ते तू त्या चटईवर झोपून म्हणून टाकलं. मले ते त्याच वेळी समजलं होतं, पण मी तोंडानं काही बोललो नाई. बोललो असतो तर बरं झालं असतं.

एकदा जेवताना मी तिले विचारलं, "माया, खरं सांग. त्या दिवशी मी दोन मात्रा गिळल्या असत्या तर?"

तू चष्म्यावरून माझ्याकडं पाह्यलं.

माया म्हणली, "तर मी पास झाली असती."

"पाहा!" मी तुले म्हणलं.

"अन् पुढच्या परीक्षेत पडली असती," तू म्हणली.

"तवाचं तवा पाह्यलं असतं!"

"तुमी दोघं भांडा," माया म्हणली. "मी भात वाढून घेते. तुमचं होईस्तोवर थंड होईन."

माया कोणाच्याच बाजूनं बोलली नाई. नर्स आहे, दोन्हीकडचे नातेवाईक सांभाळायची तिले सवय.

आता त्या संध्याकाळचं. तू गेली तवापासून मी एकच गोष्ट घोकत बसलो आहे. इतकी वर्षं तू मले सांगत आली, सांभाळायचं नाई. हुकूम. चर्चा नाई. अन् त्या संध्याकाळी शेंगा सोलता सोलता तू मले विचारलं. काय करसान? तू विचारलं, सुशीला! तुझा नियम तुलेच पुरत नव्हता तवा. तुले माझं उत्तर पाहिजे होतं, खरंच पाहिजे होतं, अन् मी मिठाचं बोललो. दहापैकी दोन तू जास्तच दिले.

लोकं म्हणतात पुण्यवान मरण. मी म्हणतो, एक रात्र अजून थांबली असती तर काय झालं असतं. सकाळी मी चहा घेऊन आलो असतो अन् म्हणलं असतं, ऐक, मले वाटते असं असं. काय वाटते ते मलेही ठाऊक नव्हतं, पण बोलता बोलता सापडलं असतं. आपलं सगळं भांडता भांडताच सापडलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जमले. भन्तेजी आले, वंदना झाली. तुझा तो निळ्या साडीतला फोटो ठेवला, ज्यात तू फोटोवाल्यावर डोळे वटारले आहेत. जेवणं झाली. माया भांडे घासत होती. मी विचारलं, "उद्या परीक्षा. जाते ना?"

"जाते भाऊ. बाईले सांगितलं होतं जाईन. तुमी टेंशन घेऊ नका. तिथं त्यायचा तबलजी असंल, नाई तर मोबाईलवर ठेका लावते."

"मोबाईल सरळ वाजवते. तो बाईच्याच पक्षाचा."

हातातलं पातेलं तसंच धरून ती हसली. मी म्हणलं, "मी येतो."

आपला मोठा तिथंच उभा होता. तो म्हणला, "बाबा, आज आईचं पुण्यानुमोदन, अन् उद्या तुमी तबला वाजवाले जासान? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील म्हातारा पागल झाला."

"मंग?"

"मंग काही नाई. तुझ्या आईच्या पोरायची परीक्षा आहे. ती असती तर व्हरांड्यात बसली असती. मी घरी फोटोसमोर बसून काय करू? ती फोटोतही डोळे वटारते."

 मंग तबल्याची पिशवी शोधून त्यानंच दारापाशी आणून ठेवली. चांगला आहे पोरगा. तू त्याले नेहमी कमी मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही निघालो. माया, क्लासची लेकरं, त्यायच्या आया, अन् मी. व्हरांड्यात तू बसत होती त्या बाकावर पोरायचे डबे ठेवले होते. मी तिकडं पाह्यलं नाई, सरळ आत जाऊन बसलो.

परीक्षक या वेळी तरुण बाई होती, आवाज नरम, पण नजर तुझ्यासारखी. तिले आपलं काही माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाई, मी सांगू दिलं नाई. तूच म्हणे ना, तिथं बसलेल्या माणसाले काही घेणं नसते.

आधी प्रारंभिकची लहान लेकरं. पहिलीच चिमणी, आपल्या गल्लीतल्या पिंकीची पोरगी, फुलांचा फ्रॉक, गाता गाता ताल सुटला अन् माझ्याकडं पाह्यलं. कसं पाह्यलं सांगू? रस्ता ओलांडताना लेकरू हात वर करते ना, तसं. मी गिळल्या दोन मात्रा. म्याडमचं पेन थांबलं.

"काका, ठेका सरळ ठेवा."

"हो म्याडम," म्हणलं. तुले राग आला असंल. येऊ दे.

मध्यमाचा नंबर आला. माया आत आली, नमस्कार केला. नाव सांगितलं तवा आवाज कापत होता. मालकंस. बंदिश नीट झाली. आलाप तर असे केले की म्याडमनं लिहिणं सोडून ऐकलं. हातावर ताल, दुप्पट, राग ओळखणं, सगळं झालं. मंग ताना. पहिली आली, दुसरी आली. तिसरीतून उतरताना माया दोन मात्रा आधी आली. तीच जागा, सुशीला. तसंच तोंड, ओठ घट्ट मिटलेले.

माझी बोटं तयार होती. जन्माची सवय आहे त्यायले. म्याडमनं टोकलं होतं, तुझा नियम होता, सगळं डोक्यात होतं, तरी बोटं तयार होती. मी गिळणारच होतो. खोटं कशाले लिहू? मी वर पाह्यलं. माया माझ्या हाताकडंच पाहत होती. तिनं मान हलवली. एवढीशी. नाई, भाऊ.

मी सरळ वाजवलं.

आपण इतकी वर्षं भांडलो, सांभाळावं का पडू द्यावं. तू म्हणली पडू द्या, मी म्हणलं हात द्या, अन् पडणारीले आपण दोघांनीही कधी विचारलं नाई. ना हिरव्या ड्रेसवालीले, ना शाळेतल्या मायाले. तू मले विचारलं होतं ना काय करसान? हे घे. तिच्याकडं पाहीन. ती हात वर करंल तर धरीन, नाई म्हणंल तर वाजवत राहीन. यावर तू काहीतरी म्हणली असती, मले खात्री आहे. ते म्हणायसाठी तू पाहिजे होती.

एक आवर्तन रिकामं गेलं. खोलीत माझा ठेका तेवढा चालू. तिची बोटं मांडीवर हलत होती, बाळाचे ठोके मोजावे तशी शांत. ठेक्यातली खालीची मात्रा गेली, तिनं श्वास घेतला, बंदिशीचा मुखडा उचलला अन् समेवर आली. सम जिथं होती तिथंच होती. ती आपल्या पायानं आली.

म्याडम खूप वेळ लिहीत राह्यली. कोणत्या खान्यात ते मले दिसलं नाई. मायानं नमस्कार केला, बाहेर गेली, अन् व्हरांड्यातून तिच्या रडण्याचा आवाज आला, मंग लेकरायच्या हसण्याचा. मले उठून जावंसं वाटलं. पण पुढचं नाव पुकारलं होतं. मी हाताले पावडर लावली अन् तबला जवळ ओढला.